उंच जीप आणि मेसची कणीक

वर्कशॉपच्या मागे स्टँडवर चढवलेली जीप तुम्ही पाहिलीच असेल. ती माझ्या रूम पार्टनरच्या वडिलांची. या मॉडेलचे पाटे ॲक्सलच्या खाली असतात. आम्ही सुट्टीत ते ॲक्सलच्या वर बसवले आणि गाडी एकदम पाच इंच उंच झाली. आता दगड लागणार नाहीत, अशी आमची खात्री!

लागलेच. कारण बॉडी वर गेली, ॲक्सल होता तिथेच राहिला. डिफरन्शिअल जमिनीपासून किती वर राहणार ते टायर ठरवतो, पाटे नव्हे. २८ इंची टायर काढून ३१ इंची घातला तर दीड इंच मिळतो, बस्स. हे आम्हाला थर्ड इयरला कळलं, असो.

खरा घोळ स्टिअरिंगचा. सपाट जमिनीवर सगळं छान. पण एक चाक खड्ड्यात गेलं आणि पूर्ण वळण घेतलं की 'खट्' असा आवाज. दोन दिवस आम्ही नुसते नट आवळत बसलो. शेवटी वर्कशॉपचे मामा म्हणाले, "अरे, गाडी उभी करून काय बघता? चाक वर-खाली करून बघा ना!" मग एका बाजूला जॅक लावला, मेसमधून कणकेचा गोळा आणून ड्रॅग लिंकवर थापला आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कणकेवर पाट्याचा ठसा उमटला, चक्क लोखंडापर्यंत. म्हणजे क्लिअरन्स शून्य.

बाहेरचा एक फिटर म्हणाला, गॅस मारून रॉड वाकवू, पाच मिनिटांचं काम. माझा याला ठाम विरोध आहे. सरळ रॉड दाब सरळ रेषेत पेलतो. वाकवलेला दर धक्क्याला आणखी वाकू बघतो. घाटात तो दुमडला तर?

शिवाय रॉड वाकवून तिरकेपणा जात नाही. समजा ड्रॅग लिंक ६० सेंमी लांब आहे. ती आडवी असताना चाक ५ सेंमी वर उचललं तर टोक सुमारे २ मिमी सरकतं. तीच साडेबारा सेंमी तिरकी झाली की सुमारे साडेआठ मिमी! म्हणजे स्टिअरिंग धरून ठेवलं तरी खड्ड्यात गाडी आपोआप वळणार. यावर उपाय म्हणजे नकलवर उंच आर्म लावून लिंक पुन्हा आडवी करणं आणि बंप स्टॉप वाढवणं. त्यात पुढचा प्रोपेलर शाफ्ट सरळ यावा म्हणून आम्ही ॲक्सल थोडा फिरवला होता. त्याने कॅस्टर गेला, आणि वळणानंतर स्टिअरिंग परत येईना.

माझं मत विचाराल तर पाटे पुन्हा खाली घ्यावेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत असा फेरफार चालत नाही, आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. पार्टनर म्हणतो, "भित्रा आहेस तू." असेन बुवा! पण ही गाडी त्याचे वडील चालवतात, रोज, घाटातून. दिवाळीत ते ती न्यायला येणार आहेत, आणि आमचं अजून एकमत झालेलं नाही.