बंद कपाटांतील कागद

घरांतील कर्तें माणूस निवर्तलें म्हणजे तेराव्यानंतर त्याची पेटी उघडण्याचा प्रसंग येतो. एकत्र कुटुंबांत तो किती नाजूक असतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. दागिने आणि दस्तऐवज यांपेक्षां पेटींतल्या पत्रांचेंच भय अधिक. कोणी म्हणतो, “जाळून टाका, गेलेल्यांची अब्रू कशाला काढतां?” आणि त्या पत्रांशीं जिचा खरा संबंध, ती बहुधा एखादी विधवा सून, कांहीं न बोलतां उंबऱ्याशीं उभी राहते. सरकारांच्या आणि धर्मपीठांच्याहि अशा पेट्या असतात, व त्यांच्या उंबऱ्याशींहि माणसें वर्षानुवर्षें तिष्ठत असतात. दक्षिण अमेरिकेंतील अर्जेंटिना देशाची हकीकत या बाबतींत वाचण्यासारखी आहे.

२४ मार्च १९७६ रोजीं तेथें लष्करानें सत्ता बळकावली. ती डिसेंबर १९८३ पर्यंत टिकली. या काळांत सरकारास नकोशीं झालेलीं माणसें उचलून नेण्यांत येत व पुन्हां दृष्टीस पडत नसत. १९८४ सालच्या चौकशी-मंडळानें अशा सुमारें ९,००० जणांची नोंद केली. पीडितांच्या संस्था ३०,००० म्हणतात. आमचीं मुलें कोठें आहेत, एवढाच प्रश्न घेऊन कांहीं माता राजधानींतील चौकांत दर आठवड्यास फिरूं लागल्या. त्यांस साह्य करणाऱ्यांत आलीस दोमों आणि लेओनी ड्यूके या दोन फ्रेंच ख्रिस्ती संन्यासिनी होत्या. १९७७ च्या डिसेंबरांत, ८ तारखेस पहिलीला आणि १० तारखेस दुसरीला, पळवून नेण्यांत आलें. नौदलाचा एक तरुण अधिकारी बेपत्ता माणसाचा भाऊ असल्याची बतावणी करून त्या मातांच्या मेळाव्यांत शिरला होता. घात त्यानें केला. २०११ सालीं त्यास जन्मठेप झाली.

आतां मुद्द्याची गोष्ट. या दोघींस सरकारी सुरक्षा दलाच्या माणसांनींच नेलें आणि त्यांचीं प्रेतें समुद्रकिनाऱ्यास लागलीं, ही बातमी तेथील अमेरिकन वकिलातीस मार्च १९७८ मध्येंच मिळाली होती. तशी गुप्त तार वॉशिंग्टनला गेली आणि कपाटांत बंद झाली. लेओनीबाईंचा देह तेव्हां किनाऱ्याजवळच्या एका गांवच्या स्मशानांत बिननांवाचा पुरलेला होता! पीडितांच्या आप्तांनीं व संस्थांनीं मागणी लावून धरली, तेव्हां २००२ सालीं अमेरिकेनें ४,००० हून अधिक कागद खुले केले व त्यांत ही तार निघाली. २००५ सालीं लेओनीबाईंच्या अस्थींची ओळख पटली आणि ज्या सांता क्रूझ देवळांत त्या मातांच्या सभा होत, त्याच्याच आवारांत त्यांस ठेवण्यांत आलें. एक ओळ वाचावयास मिळावी म्हणून २४ वर्षें!

परक्याच्या कपाटाकडे कां पाहावें लागलें, असें कोणी विचारील. लष्करशहांनीं १९८३ सालीं जातां जातां कैद्यांसंबंधींचे कागद नष्ट करण्याचा हुकूम काढून ठेवला होता.

दुसरें कपाट धर्मपीठाचें. ला रिओहा प्रांताचे बिशप आंजेलेली हे गरीब शेतमजुरांचे कैवारी. जुलै १९७६ मध्यें त्यांच्या दोन पाद्र्यांचा खून झाला; ४ ऑगस्टला तेथूनच परततांना बिशपांची गाडी उलटून ते ठार झाले. सरकारनें अपघात म्हटलें आणि धर्मसंस्थेंतील पुष्कळ थोरांनींहि तेंच मानलें. परंतु आपणांस मारण्याच्या धमक्या येत आहेत, असें बिशपांनीं मृत्यूच्या महिनाभर आधीं पोपच्या वकिलास लिहून कळविलें होतें. तें पत्र व्हॅटिकनच्या दप्तरांत होतें. मूळचे अर्जेंटिनाचेच असलेले पोप फ्रान्सिस यांनीं तें २०१४ सालीं बाहेर काढून पाठविलें. त्याच वर्षीं दोघा माजी लष्करी अधिकाऱ्यांस या खुनाबद्दल जन्मठेप झाली. मध्यें ३८ वर्षें गेलीं होतीं.

कपाट उघडण्यास धर्मसंस्था कचरत होती, त्यास कारणहि होतें. फॉन वेर्निख नांवाचे एक पाद्री पोलिसांचे धर्मोपदेशक म्हणून छळघरांत वावरत. २००७ सालीं त्यांस जन्मठेप झाली. एकाच झग्यांत बळीहि होते आणि वेर्निखहि होते. घरच्या पेटींतून काय निघेल याचें भय तें हेंच.

असे कागद उघडावेच, असें आमचें मत आहे. मात्र ते वेदवाक्य म्हणून वाचूं नयेत. आम्ही शाळेंत असतां दरसाल आमच्यावर गोपनीय शेरा लिहिला जाई. निवृत्तीनंतर ते शेरे एकदां पाहण्यांत आले. एका सालीं ‘स्वभाव हट्टी, वरिष्ठांशीं वाद घालतात’ असें आढळलें. वाद झाला होता, तो एका निराधार मुलाच्या फीवरून; त्या मुलाचा तेथें उल्लेखहि नव्हता. मुख्याध्यापकाच्या लेखणीची ही गत, तर हेराच्या लेखणीची काय असेल? त्याचें टिपण चुलत्याच्या पत्राशीं, आईच्या आठवणीशीं, न्यायालयांतील साक्षीशीं ताडूनच घ्यावें लागतें. पण ताडून पाहावयास तरी तें हातीं यावें कीं नाहीं?

१९१६ नव्हे, २०१६ सालीं व्हॅटिकन व अर्जेंटिनाचे बिशप यांनीं आपलीं त्या काळचीं दप्तरें खुलीं करण्याचें ठरविलें. तींहि सर्वांस नव्हे, तर पीडित, त्यांचे जवळचे आप्त आणि बळी पडलेल्या धर्मसेवकांचे वरिष्ठ यांसच. हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. पत्र आधीं उंबऱ्याशीं उभ्या असलेलीच्या हातीं द्यावें. इतिहासकारांचा नंबर मागाहून. अमेरिकेनेंहि २०१९ पर्यंत आणखी सुमारें ४७,००० पृष्ठें अर्जेंटिनाच्या स्वाधीन केलीं.

आलीस दोमों यांचे अवशेष मात्र अद्याप सांपडलेले नाहींत.