पित्त म्हणून सोडून देऊ नका

माझ्या आईचं डोकं आठवड्यातून एकदा तरी दुखायचंच. सकाळी एका बाजूचं कानशील ठणकू लागे, दुपारपर्यंत उजेड नकोसा होई. मग ती पदर कपाळाला घट्ट आवळून अंधाऱ्या खोलीत पडून राही. संध्याकाळी कडू, पिवळी उलटी झाली की जरा मोकळी व्हायची. घरात सगळे म्हणत, "आज तिचं पित्त खवळलंय." पुढे माझंही पित्त खवळू लागलं. सकाळी आम्लपित्ताची गोळी आणि दुपारी डोकेदुखीची, असं मी कितीतरी वर्षं केलं. आम्हा मायलेकींना अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन होतं, हे फार उशिरा कळलं.

एका बाजूनं ठणकणारं, उजेड-आवाज सहन न होणारं, मळमळ आणणारं आणि पुन्हा पुन्हा येणारं दुखणं असेल, तर त्याला पित्त म्हणून सोडून देऊ नका. मायग्रेनमध्ये मळमळ मेंदूकडून सुरू होते आणि जठराचं काम मंदावतं. सकाळपासून पोटात काही नसेल तर उलटीतून पिवळं पाणीच पडणार. उलटीनंतर बरं वाटलं म्हणून दुखण्याचं मूळ पोटात आहे, असं होत नाही. घशात बोटं घालून उलटी काढू नका. 'सायनस'चीही हीच गत आहे. 'आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे' असं मानणाऱ्या जवळजवळ तीन हजार लोकांची अमेरिकेत तपासणी झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ८८ टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या प्रकारातलं निघालं.

आता गोळ्यांबद्दल. डोकं दुखलं की गोळी घ्यावी, यात काही वाईट नाही. पण गोळ्यांची सवय लागली की गोळ्याच डोकं दुखवू लागतात, हे आपल्याला कुणी सांगत नाही. साधी, एकाच औषधाची वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर औषधाच्या अतिवापरानं होणारी डोकेदुखी जडू शकते. सकाळी उठतानाच डोकं जड, गोळी घेतली की चार तास बरं, पुन्हा जड. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. किराण्याच्या दुकानातून सुटी गोळी घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. काही गोळ्यांत कॅफीनही असतं. आणि पुडीवर नाव नसलेली 'देशी' पावडर तर घेऊच नका. तिच्यात वेदनाशामक किंवा स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

गोळ्या बंद केल्यावर पहिले काही दिवस, कधी आठवडाभरही, दुखणं वाढतं. ते ठाऊक नसलं की माणूस घाबरून पुन्हा पाकीट उघडतो. त्यामुळे हे काम डॉक्टरांना विचारून, घरच्यांना सांगून करा. रक्तदाबाच्या, फिटच्या किंवा मायग्रेन रोखण्यासाठी रोज घ्यायला दिलेल्या गोळ्यांना मात्र स्वतःहून हात लावू नका.

जेवणाकडे वळण्याआधी एक काम करा. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब ठेवता, त्यावरच दुखण्याचा हिशेब ठेवा. दुखलं त्या तारखेला फुली, गोळी घेतली तर फुलीभोवती गोल. शेजारी दोन शब्द: जेवण चुकलं, झोप कमी, ऊन, पाळी. दोन महिन्यांत जे दिसेल ते कुठल्याही पथ्याच्या यादीपेक्षा उपयोगी ठरेल, कारण ती यादी तुमच्याच डोक्याची असेल.

माझ्या पानावर काय दिसलं? माझ्या बहुतेक फुल्या उपवासाच्या दिवशी होत्या, नाहीतर दुपारचं जेवण तीनवर गेलेल्या दिवशी. कितीही सांगितलं तरी मला कमी वाटेल अशी ही गोष्ट आहे. बरंच दही, टोमॅटो, शेंगदाणे, तूरडाळ यांच्या माथी मारलं जातं, पण खरा दोष अनेकदा रिकाम्या पोटाचा असतो. आपल्याकडे बाई सगळ्यांचे डबे भरते, स्वतः चहावर निघते, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते. त्यात सोमवार, संकष्टी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबायचं, म्हणजे रात्रीचे नऊ वाजतात. आठ तासांहून जास्त उपाशी राहिल्यानं डोकं दुखतं, याची डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वेगळी नोंद आहे. मायग्रेन असणाऱ्याला तर एक जेवण चुकणंही पुरतं.

उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, मीही एकादशी करते. पण आजारी, गरोदर आणि म्हाताऱ्या माणसाला सूट देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे, ती वापरा. करायचाच असेल तर निर्जळी करू नका. सकाळीच भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, ताक असं काही पोटात जाऊ द्या आणि दर तीन-चार तासांनी थोडं खा. एरवीही सकाळी उठल्यावर तासाभरात भाकरी, उपमा, थालीपीठ, काहीही, पण खरं खाणं हवं. चहा-बिस्किट म्हणजे न्याहारी नव्हे. शेतावर किंवा उन्हात काम असेल तर पाण्याची बाटली आणि डोक्याला रुमाल सोबत ठेवा.

चहा कमी-जास्त होण्यानंही डोकं दुखतं. रोज पाच-सहा कप पिणाऱ्यानं एकदम चहा सोडला, तर चोवीस तासांच्या आत डोकं दुखू लागू शकतं. उपवासाच्या दिवशी 'चहा वर्ज्य' करणाऱ्यांच्या दुखण्यात याचाही वाटा असतो. उलट दिवसभर कप वाढवत नेले तर झोप बिघडते, आणि बिघडलेली झोप पुन्हा डोक्यावर येते. म्हणून दर चार-पाच दिवसांनी अर्धा कप कमी करत दिवसाला दोन कपांवर या आणि रोज त्याच वेळी घ्या. संध्याकाळनंतर नको.

दारूनं अनेकांना मायग्रेन उठतं, तिथे तडजोड नाही. एखाद्या पदार्थाचा संशय असेल तर एका वेळी एकच पदार्थ महिनाभर बंद करून कॅलेंडर पाहा. फरक नसेल तर तो पुन्हा ताटात घ्या. दहा पदार्थ सोडून अशक्तपणा ओढवून घेतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आणखी एक लक्षात ठेवा: दुखणं सुरू होण्याच्या आदल्या दिवशी काहींना गोड खाण्याची ओढ लागते. ती ओढच दुखण्याची पहिली खूण असू शकते. मग दोष उगाच चॉकलेटवर जातो.

ताटात काय वाढवावं, याबद्दल २०२१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक चांगला प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या १८२ मायग्रेनग्रस्तांना १६ आठवडे ठरवून दिलेला आहार होता. ज्यांच्या जेवणात माशांतलं ओमेगा-३ वाढवलं आणि काही वनस्पती-तेलांतलं लिनोलेइक आम्ल कमी केलं, त्यांचे दुखण्याचे दिवस नेहमीचा आहार घेणाऱ्यांच्या तुलनेत महिन्याला सुमारे चारनं कमी झाले. कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांना यासाठी महागडं काही आणायला नको. बांगडा आणि तारली हे त्याच जातीचे तेलकट मासे आहेत. तळण्याऐवजी हुमण, तिखलं करा. शाकाहारी माणसानं जवसाची चटणी जरूर खावी, पण जवसातल्या ओमेगा-३ चा शरीरात थोडाच भाग माशातल्यासारखा होतो. मॅग्नेशियम आणि जीवनसत्त्व बी-२ यांचाही मायग्रेन रोखायला काहींना उपयोग होतो. मात्र अभ्यासात बी-२ चं प्रमाण दिवसाला ४०० मिलिग्रॅम होतं. ते जेवणातून मिळत नाही, म्हणून ते औषधच समजा आणि विचारून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यानं मॅग्नेशियमच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत.

दिल्लीच्या एम्समध्ये मायग्रेनच्या १६० रुग्णांवर योगाचा अभ्यास झाला, २०२० साली तो प्रसिद्ध झाला. नुसत्या औषधांपेक्षा औषधांच्या जोडीला योग करणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं आणि गोळ्याही कमी लागल्या. 'जोडीला' हा शब्द महत्त्वाचा आहे. योग जमत नसेल तर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं भरभर चाला. मानेवर ताण येऊन दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं दुखत असेल, तर शिलाई मशीन, लॅपटॉप किंवा मोबाइल यांसमोर बसण्याची उंची बदला आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या. थंड पाण्याची पट्टी, पुदिन्याच्या अर्काचा बाम, अंधारी खोली, हे साधे उपाय करायला हरकत नाही.

पण काही दुखणी घरी ठेवायची नसतात. क्षणात उठलेलं, आयुष्यात कधी नव्हतं इतकं तीव्र दुखणं. ताप आणि मान आखडणं. हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, दिसेनासं होणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं आलेलं, दिवसेंदिवस वाढत जाणारं दुखणं. अशा वेळी लेप, काढा, योग बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. रात्र असली तरी.

बाकीच्यांनी डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरची ती दोन पानं सोबत न्यावीत. आणि घरातल्या पुरुषांना, मुलांना माझं सांगणं आहे: ती खोलीचा दरवाजा लावून पडली असेल तर "पित्तच आहे, होईल बरं" म्हणून टीव्ही मोठा करू नका. ताट वाढून तिच्यापर्यंत न्या. उद्यापासून सकाळची पहिली भाकरी तिच्या ताटात पडू द्या.