मशरूम घरात पिकेल, पण विकायचं कुठं?

नांदेड : सोयाबीनची रास उरकली की गावागावांत व्हॉट्सॲपवर मशरूमच्या जाहिराती फिरायला लागतात. एका खोलीत पिकवा, बियाणं आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू, असा त्यांचा सूर. बचत गटाचे पैसे यात घालण्याआधी थोडा हिशोब करायला पाहिजे.

पिकवणं तसं अवघड नाही. आपल्याकडे घरात येतं ते धिंगरी, शिंपल्यासारखं दिसणारं मशरूम. त्याला लागणारी सोयाबीनची गुळी इथं ढिगानं पडलेली असते. पावसात काळी न पडलेली गुळी रात्रभर भिजवायची, ८० अंशाच्या गरम पाण्यात तासभर ठेवायची आणि निथळू द्यायची. मुठीत दाबली तर पाणी टपकू नये. मग पिशवीत थर देत बियाणं पेरायचं, १०० किलो ओल्या गुळीला २ ते ३ किलो. पिशवीला भोकं पाडून अंधाऱ्या खोलीत ठेवली की २० दिवसांच्या आसपास पांढरी बुरशी भरते. मग पिशवी कापून काढायची, उजेड-वारा द्यायचा आणि पाणी फवारत ओल टिकवायची. हिरवा डाग दिसलेली पिशवी लगेच बाहेर.

एक किलो वाळल्या गुळीवर दोन-तीन तोडण्या मिळून अर्धा किलो ताजा माल धरावा. जास्त निघाला तर चांगलंच. म्हणजे किलो-किलोच्या १० पिशव्यांतून दीड-दोन महिन्यांत ५ किलो. जाहिरातीतली कमाई याच्याशी ताडून बघा.

धिंगरीला २० ते ३० अंश तापमान मानवतं. म्हणून आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत काहीच हाती लागत नाही.

खरी अडचण विक्रीची आहे. ताजा माल एक-दोन दिवसांत मलूल पडतो. शहरातल्या हॉटेलवाल्यांना बहुतेक पांढरं बटण मशरूम लागतं, आणि त्याला २० अंशांच्या आतला गारवा पाहिजे. आठवडी बाजारात धिंगरी ओळखणारे थोडे, त्यात कित्येक घरांत ती मांसाहारातच मोजतात. वाळवून ठेवता येते, पण १० किलोची एक किलो होते. तिलाही गिऱ्हाईक आधी शोधावं लागतं.

आता माल उचलण्याची हमी. बियाणं विकणाऱ्याचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल होतात, पिकवणाऱ्याचे शेवटी. भाव किती, माल पोचवायचा कुठं, नाकारायचा कशावरून आणि पैसे किती दिवसांत, हे सहीशिक्क्यानं लिहून मागावं. लिहून देत नसेल तर त्या हमीला काही किंमत नाही. शिकायचं तर सगरोळी, पोखर्णीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात आधी चौकशी करावी. पहिला हंगाम दहाच पिशव्या लावाव्यात, गिऱ्हाईक किती मिळतं ते तेवढ्यात कळतं.

एक गोष्ट जाहिरातीत नसते. फुललेल्या धिंगरीचे बीजकण हवेत उडतात आणि काहींना त्यानं खोकला, दमा होतो. त्या खोलीत लेकरं, म्हातारी माणसं झोपवू नयेत आणि तोडताना नाकाला फडकं बांधावं.