लेव्हल यूएसबीत हरवत नाही

श्रावण तोंडावर आला की पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तींच्या डोळ्यांची आखणी सुरू होते. त्याच दिवसांत पेणपासून रोह्यापर्यंतच्या छोट्या स्टुडिओंत गाण्यांची घाई असते. नारळी पौर्णिमेसाठी कोळीगीत हवे असते, गणपतीसाठी मंडळाचे गाणे हवे असते, आणि दसऱ्याच्या सुमारास रोह्यात धावीर महाराजांची पालखी असते, त्यासाठीही कोणीतरी चाल बांधून आलेला असतो. एके काळी अशा कामासाठी दिवा-रोहा गाडी पकडून मुंबई गाठावी लागे. आता लॅपटॉप, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि हेडफोन एवढ्या सामानावर मागच्या खोलीत गाणे उभे राहते. रेकॉर्डिंग गावात आले, ही चांगलीच गोष्ट झाली.

या खोल्यांत एक वाक्य मात्र सारखे कानावर पडते: ‘गेन फुल्ल केलाय, तरी गिटारची लेव्हल येत नाही.’ मग यूएसबी वायर बदलली जाते, पोर्ट बदलला जातो, कोणी हब आणतो. तरी फरक पडला नाही की इंटरफेस विकून मोठा घ्यायचे ठरते. गाण्याच्या मानधनापेक्षा जास्त पैसे त्यात जातात आणि नव्या इंटरफेसवरही गिटार तशीच बारीक ऐकू येते.

याचे कारण सरळ आहे. यूएसबीच्या वायरीतून आवाज जात नाही, आकडे जातात. गिटारचा विद्युत सिग्नल इंटरफेसमधल्या कन्व्हर्टरपाशी आकड्यांत बदलला, की पुढच्या वायरीने तो कमी-जास्त होत नाही. वायर खराब असेल, 5 मीटरपेक्षा लांब असेल किंवा पोर्टातून वीज पुरेशी मिळत नसेल, तर आवाज तुटतो, टकटक होते, नाहीतर इंटरफेस मध्येच गायब होतो. पण धडधाकट चालणारा सिग्नल यूएसबीमुळे हळू झाला, असे होत नाही. लेव्हल कमी पडते ती कन्व्हर्टरच्या अलीकडे, म्हणजे गिटारच्या तारेपासून इंटरफेसच्या जॅकपर्यंतच्या दोन-तीन मीटरांत. नाहीतर पलीकडे, सॉफ्टवेअरच्या एखाद्या सेटिंगमध्ये.

त्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा. लेव्हल खरोखर कमी आहे का? स्क्रीनवरची वेव्हफॉर्म बारीक दिसते म्हणून पुष्कळ जण घाबरतात. 16 बिटच्या रेकॉर्डिंगची सैद्धांतिक डायनॅमिक रेंज 96 डेसिबल आहे, 24 बिटची 144. प्रत्यक्षात कुठलाही कन्व्हर्टर 144 गाठत नाही, पण आजचे साधे इंटरफेसही शंभराच्या पुढे जातात. त्यामुळे 24 बिटवर गिटारचे पीक उणे 12 डीबीएफएसच्या आसपास आणि सरासरी उणे 18 च्या जवळ असेल, तर काम उत्तम झाले आहे. युरोपच्या प्रसारण संस्थांनीही संदर्भपातळी उणे 18 डीबीएफएसच ठेवली, ती याच मोकळ्या जागेसाठी. वेव्हफॉर्म उभी मोठी करून पाहिली की ती भरलेली दिसते. मीटर शून्याला टेकवण्याच्या हट्टापायी एखादा जोरदार स्ट्रोक क्लिप झाला, तर तो परत मिळत नाही. हा हट्ट टेपच्या आणि 16 बिटच्या काळातला आहे. तेव्हा तो बरोबर होता, आज त्याची गरज नाही.

शेवटी यूट्यूबवर गाणे मोठे वाजावे ही गिऱ्हाइकाची मागणी असते, आणि ती रास्त आहे. पण ते काम मास्टरिंगचे. यूट्यूब फार मोठी गाणी उणे 14 एलयूएफएसच्या आसपास खाली आणते. गिटारचा कच्चा ट्रॅक फुगवून तिथे काहीच मिळत नाही.

आता खऱ्या दोषाकडे. इंटरफेसच्या पुढच्या बाजूला ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेले एक बटण असते, आणि पेण काय, पुणे काय, सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच बटणाकडे. इलेक्ट्रिक गिटारचा पॅसिव्ह पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची बारीक तार. हंबकर पिकअपचा नुसता डीसी रोधच साधारण 8 किलोओहम भरतो, आणि स्वर जसजसा वर जातो तसतसा त्या गुंडाळीचा अडथळा आणखी वाढतो. असा सिग्नल 10 किलोओहमच्या लाइन इनपुटात घातला, तर खालच्या स्वरांतच जवळपास 5 डेसिबल तिथल्या तिथे गळतात. वरचे स्वर त्याहून अधिक गळतात, म्हणून आवाज हळू आणि शिवाय मंद, घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. काही इंटरफेसच्या लाइन इनपुटाचा रोध 50-60 किलोओहम असतो. तिथे गळती कमी, पण दुसरी अडचण उरतेच. लाइन इनपुट कीबोर्ड आणि मिक्सरच्या तगड्या सिग्नलसाठी बांधलेले असते, त्यामुळे त्याला मुळात गेनच कमी दिलेला असतो. इन्स्ट बटण दाबले की रोध सुमारे 1 मेगाओहमवर जातो आणि गेनही गिटारच्या मापाचा होतो. गिटार एकदम उघडते. फोकसराइट स्कारलेटसारख्या इंटरफेसवर हे बटण दिव्यासकट असते. काही स्वस्त इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंटचे भोक वेगळेच असते, आणि गिटार चुकून शेजारच्या भोकात जाते.

ही अडचण यूएसबीच्या जन्माआधीची आहे. 1960 च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतल्या तंत्रज्ञांनी गिटार आणि बेस सरळ मिक्सरमध्ये घेण्यासाठी डीआय (डायरेक्ट इनपुट) बॉक्स स्वतः बनवले होते. ज्यांच्या इंटरफेसला इन्स्ट इनपुटच नाही, त्यांनी आजही तोच मार्ग धरावा: अॅक्टिव्ह डीआय घेऊन तो माइक इनपुटाला जोडावा. नवा इंटरफेस घेण्याची गरज नाही.

रायगडच्या रेकॉर्डिस्टना हे आणखी एका वाद्यासाठी कळायला हवे. बेंजो पार्टीचा बेंजो. मिरवणुकीत तो अॅम्प्लिफायर आणि इकोतून वाजतो, तेव्हा लेव्हलचा प्रश्न येत नाही. तोच बेंजो स्टुडिओत आणून पिकअपची वायर थेट लाइन इनपुटात लावली, की मंद आणि दुबळा ऐकू येतो, आणि वादक म्हणतो, ‘माझा बेंजो असा नाही.’ त्याचे म्हणणे खरे असते. त्याचा पिकअपही गिटारचाच भाऊबंद आहे, त्यालाही हाय-झेडच लागते.

पिकअप बसवलेल्या अकूस्टिक गिटारची गोष्ट वेगळी. तिच्या कुशीत बहुधा प्रीअॅम्प असतो आणि त्याला सहसा 9 व्होल्टची बॅटरी लागते. ती उतरली की लेव्हल पडते आणि स्ट्रोक फाटतो. जॅक घातलेला असेपर्यंत प्रीअॅम्प चालू असतो, त्यामुळे कायम वायर लावून ठेवलेल्या गिटारची बॅटरी लवकर दमते. प्रीअॅम्पचा व्हॉल्यूम स्टेजवर फीडबॅक येऊ नये म्हणून अर्ध्यावर ठेवलेला असतो आणि स्टुडिओत कोणी तो वर करत नाही, हेही नेहमीचे. वायरीचा जॅकही नीट पाहावा. त्यावर एक काळी रेघ असेल तर तो साधा मोनो जॅक, गिटारला हवा तो. दोन रेघा असतील तर तो स्टिरिओ किंवा बॅलन्स्ड जॅक. पुष्कळ गिटारींत बॅटरीचे स्विच जॅकच्या मधल्या भागातून चालते. दोन रेघांची वायर लावली की ते स्विच नीट जुळत नाही आणि प्रीअॅम्प जागाच होत नाही.

त्यात कोकणातला पावसाळा. चार महिन्यांच्या दमट हवेत जॅकच्या आतली पत्र्याची पाती काळवंडते, कॉन्टॅक्ट अर्धवट होतो, वायर हलवली की लेव्हल वर-खाली होते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि जॅक पाच-सात वेळा आत-बाहेर, एवढ्याने बहुतेक वेळा काम होते. गणपतीच्या हंगामाआधी प्रत्येक स्टुडिओने हे करावेच.

सॉफ्टवेअरमधले घोळ थोडक्यात. इनपुट एकवरची गिटार स्टिरिओ ट्रॅकवर घेतली तर ती फक्त डाव्या बाजूला येते. मग कोणी ती मोनो करतो, सॉफ्टवेअर शांत उजव्या बाजूबरोबर तिची सरासरी काढते आणि 6 डेसिबल जातात. ट्रॅक सुरुवातीपासून मोनोच घ्यावा. विंडोजमध्ये कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर न वापरता काम चालले असेल, तर रेकॉर्डिंगच्या प्रॉपर्टीजमधला लेव्हलचा स्लायडर एकदा पाहावा. हेडफोनच्या नॉबचा रेकॉर्डिंगच्या लेव्हलशी काही संबंध नाही, हे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. आणि ज्यांची गिटार बॉस जीटी-1 सारख्या प्रोसेसरमधून थेट यूएसबीने लॅपटॉपला जाते, त्यांनी त्याच्या मेनूतली यूएसबी आउट लेव्हल तपासावी. ती पॅचच्या व्हॉल्यूमपासून स्वतंत्र असते.

लेव्हल वाढवताना हमही वाढते, म्हणून शेवटचा मुद्दा विजेचा. वीज गेली की खोली इन्व्हर्टरवर येते, आणि स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर सिंगल कॉइल पिकअपमध्ये घरघर बनून उतरते. अशा वेळी चार्जर काढून लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालवावा, गिटारवाल्याला इन्व्हर्टर आणि ट्यूबलाइटपासून दूर बसवावे, आणि खोलीच्या प्लगला खरेच अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावे. कमी लेव्हलवर घेऊन नंतर नॉर्मलाइझ केले तर ही घरघरही तितकीच वर येते. म्हणून पिकअपमधून येणारा सिग्नल सुरुवातीलाच पुरेसा आणि स्वच्छ हवा.

पेण-रोह्याच्या रेकॉर्डिस्टना विनंती एवढीच: या हंगामात मुंबईला मिक्सिंगसाठी फायली पाठवाल, तेव्हा गिटारचा आणि बेंजोचा ट्रॅक 24 बिटवर, मोनो, इन्स्ट इनपुटातून घेतलेला आणि नॉर्मलाइझ न केलेला पाठवा. सोबत तीस सेकंद नुसत्या खोलीचा आवाज, गिटार जोडलेली पण न वाजवता, रेकॉर्ड करून द्या. मिक्स करणाऱ्याला हम कुठून येते ते त्यावरून लगेच कळेल.