ओना जजचं नाव भिंतीवर राहिलं पाहिजे

मुलगा-सून अमेरिकेत आहेत म्हणून तिकडे गेलेले आपले कितीतरी आईवडील फिलाडेल्फियाची लिबर्टी बेल पाहून येतात. त्या घंटेच्या इमारतीच्या दाराशीच एका जुन्या घराची जागा आहे. घर केव्हाच पाडलं गेलं, त्याचा पाया उत्खननात सापडला. १७९० ते १७९७ या काळात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन तिथे राहत होते, आणि त्या वर्षांत त्यांनी त्या घरात नऊ माणसं गुलाम म्हणून राबवली.

पेनसिल्व्हेनियाचा तेव्हाचा कायदा असा, की बाहेरच्या राज्यातून आणलेला गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला तर त्याला स्वातंत्र्य मागता येई. वॉशिंग्टन हे जाणून होते. म्हणून मुदत भरण्याआधी या माणसांना राज्याच्या हद्दीबाहेर नेऊन परत आणलं जाई, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यांतली एक ओना जज, मार्था वॉशिंग्टन यांची दासी, वय जेमतेम बावीस-तेवीस. आपल्याला मार्थाबाईंच्या नातीला लग्नाची भेट म्हणून दिलं जाणार आहे, हे तिला कळलं. १७९६च्या मे महिन्यात घरातली मंडळी जेवायला बसली असताना ती बाहेर पडली. शहरातल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी तिला आधार दिला आणि जहाजाने ती न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोहोचली. तिला परत आणण्यासाठी राष्ट्राध्यक्षांनी सरकारी अधिकाऱ्यालाही कामाला लावलं. ती परत गेली नाही. १८४८ साली ती वारली, तेव्हाही कायद्याच्या लेखी ती पळून गेलेली गुलामच होती.

ही हकिगत २०१० सालापासून त्या जागेवरच्या फलकांवर लिहिलेली होती. ती आपोआप तिथे आली नव्हती. शहरातल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी आणि इतिहासकारांनी वर्षानुवर्षं सभा घेतल्या, मोर्चे काढले, तेव्हा ती नऊ नावं तिथे कोरली गेली. जानेवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारच्या आदेशाने ते फलक उतरवण्यात आले. शहर कोर्टात गेलं आणि फेब्रुवारीत न्यायाधीशांनी फलक परत लावायला सांगितलं. पण सरकार अपिलात गेलं. कोर्टाच्या एका आदेशावर विसंबून आपण स्वस्थ बसू नये, एवढ्यासाठी हा लेख.

कारण हा प्रश्न एका घराचा नाही. मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी अमेरिकेच्या इतिहासाबद्दल एक आदेश काढला आणि त्यात वॉशिंग्टन शहरातल्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास संग्रहालयावर नाव घेऊन ठपका ठेवला. राष्ट्रीय उद्यानांत पाट्या लागल्या, की अमेरिकनांबद्दल वाईट सांगणारा मजकूर दिसला तर पर्यटकांनी कळवावं. ऑगस्टमध्ये स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेच्या संग्रहालयांची तपासणी सुरू झाली, आणि तिथे गुलामगिरी किती वाईट होती हेच सांगत बसतात, अशी तक्रार खुद्द अध्यक्षांनी केली.

असा मजकूर काढण्याच्या बाजूने एक युक्तिवाद मनापासून केला जातो, त्याला उत्तर दिलं पाहिजे. मुलांना आपल्या देशाची लाज वाटेल असं कशाला शिकवायचं, असं अनेक पालक विचारतात. वॉशिंग्टन यांनी स्वातंत्र्ययुद्ध जिंकलं, दोन कारकिर्दींनंतर आपणहून सत्ता सोडली, मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्त करायला सांगितलं. हे सगळं खरं आहे आणि मुलांनी ते शिकावंच. ओनाची गोष्टही तितकीच खरी आहे. त्या गोष्टीत लाज वाटण्यासारखं आहे, तसं अभिमान वाटण्यासारखंही आहे, कारण ओना अमेरिकनच होती. तिचं धाडस त्या देशाच्या वारशातून वजा करण्याचा अधिकार कोणाला कोणी दिला? जातीचा विषय पाठ्यपुस्तकात आला की आपल्याकडेही ‘कशाला जुनं उकरून काढायचं’ म्हणतात. ज्यांच्या पूर्वजांनी ते सोसलं, त्यांच्या तोंडून हे वाक्य क्वचितच ऐकू येतं.

महाराष्ट्राला या लढ्यात परका म्हणवून घेता येणार नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांनी जे नातं ओळखलं, ते पुढे तुटलं नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागवली. अस्पृश्यांसाठीही तसं पाऊल उचलायचा विचार त्यांच्या मनात होता. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ऑकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडून नाव घेऊन.

आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसावर तर याहून थेट ऋण आहे. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं, की हिंदी माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. १९६५च्या कायद्याने वंश आणि देश पाहून ठरवलेले प्रवेशाचे कोटे रद्द केले. त्याआधी कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन नागरी हक्कांची चळवळ उभी केली नसती, तर तो कायदा झालाच नसता असं मी मानतो. आपल्या इंजिनिअर काका-मामांना ज्या दारातून आत जाता आलं, ते दार कृष्णवर्णीयांनी ढकललेलं आहे.

तेव्हा तिथल्या मराठी मंडळांनो, गणेशोत्सव आणि दिवाळीच्या जोडीला वर्षातून एक दिवस मुलांना घेऊन या जागांवर जा. फिलाडेल्फियाला जा, वॉशिंग्टनचं ते संग्रहालय पाहा. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दिसेल त्या फलकाचा स्पष्ट फोटो काढा. ‘सेव्ह अवर साइन्स’ या उपक्रमात ग्रंथपाल आणि नागरिक उद्यानांतल्या पाट्यांचे असेच फोटो जपून ठेवत आहेत, त्यांना तो पाठवा. तुमच्या गावच्या शाळा मंडळाच्या सभेत बहुतेक वेळा खुर्च्या रिकाम्या असतात. तिथे जाऊन दोन मिनिटं बोला. नागरिक असाल तर आपल्या प्रतिनिधीला फोन करा. ओरड केल्याने काही होत नाही, असं समजू नका. २०२५ मध्ये उद्यान खात्याच्या संकेतस्थळावरच्या एका पानावरून, गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांचं छायाचित्र काढलं गेलं होतं. लोकांनी जाब विचारला आणि काही दिवसांतच ते पान पूर्ववत झालं.

पुण्या-नागपुरात किंवा पणजीत बसूनही एक काम करता येतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या अखेरीस, मुक्त झालेल्या माणसांसाठी १८६५ मध्ये ‘फ्रीडमेन्स ब्यूरो’ नावाचं खातं निघालं. त्याच्या दप्तरात मजुरीचे करार आहेत, लग्नाच्या नोंदी आहेत, विकल्या गेलेल्या नातेवाइकांचा शोध घेणारी पत्रं आहेत. स्मिथसोनियनच्या लिप्यंतर केंद्राच्या संकेतस्थळावर जगातला कोणीही स्वयंसेवक ती हस्तलिखित पानं वाचून टंकलिखित करू शकतो. ज्यांना इंग्रजी वळणदार अक्षर वाचायची सवय आहे, अशा निवृत्त शिक्षकांनी, बँकेतून आणि कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्यांनी हे काम हाती घ्यावं. नाव नोंदवा आणि या आठवड्यात पहिलं पान पूर्ण करा.