तात्या मागा, लक्ष्या मागू नका

केळीचा भाव आणि ‘झपाटलेला’चा तिसरा भाग, या दोन विषयांवर रावेरात कुणाला मत विचारावं लागत नाही. भावाबद्दलचं मत बऱ्हाणपूरच्या लिलावाबरोबर रोज बदलतं. सिनेमाबद्दलचं मात्र पक्कं असतं. तिसऱ्या भागात कोण कोण हवं याची यादी प्रत्येकाच्या खिशात तयार आहे. तात्या विंचू तर हवाच. कुबड्या खविस हवा, बाबा चमत्कार हवा. ‘धडाकेबाज’मधला कवट्या महाकाळ आणून तात्याशी त्याची एकदा गाठ घालून द्यावी, असं म्हणणारे आहेत. रामदास पाध्यांचे अर्धवटराव आणि आवडाबाई तात्यासमोर उभे करा, असं सुचवणारेही आहेत, आणि ही सूचना मला मनापासून आवडते. पण यादीच्या शेवटी, बरेचदा सुरुवातीलाच, एक नाव ठरलेलं असतं: लक्ष्या. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. तरीही ते हवे आहेत, आणि ‘आता एआय आहे ना’ हे उत्तर तयार आहे.

या यादीवर दोन बाजूंनी बोललं जातं. एक बाजू म्हणते, यादी करणंच पोरकटपणाचं. दुसरी म्हणते, यादीतलं सगळं द्या. मला दोन्ही मान्य नाहीत.

आधी शहाण्यांचं पाहू. चाळिशी उलटलेल्या माणसाने रबरी बाहुलीची वाट पाहत बसावं याची त्यांना लाज वाटते. शिवाय, सिनेमा दिग्दर्शकाचा. कोण दिसणार ते तो ठरवेल, प्रेक्षकाने तिकीट काढून गप्प बसावं. ऐकायला हे रुबाबदार आहे, पण खेळण्यांच्या सिनेमात पात्रं एकटा दिग्दर्शक ठरवतो ही समजूत भाबडी आहे. १९८६ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’चा पहिला कार्टूनपट आला. त्यात ऑप्टिमस प्राइम हा नायकच अर्ध्या वाटेवर मारला. कारण कथेत नव्हतं. जुन्या खेळण्यांची विक्री आटोपती घेऊन नवी खेळणी दुकानाच्या फळीवर मांडायची होती. थिएटरात पोरं रडली, घरी गेलेल्या पालकांनी तक्रारी केल्या आणि १९८७ मध्ये मालिकेत प्राइम जिवंत झाला. त्याच कंपनीच्या ‘जी. आय. जो’ या दुसऱ्या कार्टूनपटात ड्यूक नावाचा नायक मरायचा होता. प्राइमचा धडा ताजा असल्यामुळे तो मेला नसून बेशुद्ध आहे, असं ऐनवेळी संवादातून सांगून टाकलं. ‘टॉय स्टोरी’च्या पहिल्या भागात, १९९५ मध्ये, बार्बी हवी होती, तिच्या कंपनीने नाही म्हटलं. सिनेमा चालला तसा नकार विरघळला आणि १९९९ च्या दुसऱ्या भागात बार्बी हजर. जिथे दुकानाची फळी बोलते, कंपनीचा नकार बोलतो, तिथे प्रेक्षकानेच तेवढं तोंड शिवून बसावं हा कुठला न्याय?

मुळात तात्याचा जन्मही काही सोवळ्यात झालेला नाही. १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’मधला चकी हा त्याचा थोरला भाऊ, हे उघड आहे. महेश कोठारे यांनी नावाची कुळकथाही सांगितली आहे: ‘तात्या’ हे त्यांच्या रंगभूषाकाराला सगळे ज्या नावाने हाक मारत ते, आणि ‘विंचू’ आला ‘रेड स्कॉर्पियन’ या इंग्रजी चित्रपटातून. उसनवारीचं भांडवल आणि घरचा मसाला. तरी १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ आला आणि चकी कोण हे माहीत नसलेल्या गावांत तात्याची दहशत बसली. आमच्या सीमेपलीकडे बऱ्हाणपूर-खंडव्याकडच्या सोयऱ्यांनी तर तो हिंदीतून, ‘खिलौना बना खलनायक’ म्हणून पाहिला, आणि भीती तेवढीच वाटली.

ती भीती रबराची नव्हती. बाहुली रामदास पाध्ये यांनी घडवली आणि हलवली, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. या दोघांना वजा केलं तर उरतं ते कपाटात ठेवण्याजोगं एक सोंग. चाहत्यांना हे कळत नाही असं शहाण्यांना वाटतं, पण चाहत्यांनी ते फार आधी ओळखलं आहे. २००७ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ खऱ्या माणसांसह पडद्यावर आला तेव्हा चाहत्यांचा हट्ट होता की प्राइमचा आवाज जुनाच हवा, पीटर कलन यांचा. तो मिळाला. २०१९ मध्ये चकीचा सिनेमा नव्याने केला. त्यात आत्मा, मंत्र सगळं काढून टाकलं. बाहुलीतलं सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून ती खून करते, असं दाखवलं. आवाजही नवा. दोन वर्षांनी चकीची मालिका आली ती मात्र मूळ आवाज घेऊन, ब्रॅड डुरिफ यांचा, आणि ती तीन हंगाम टिकली. बाहुली मागणारा माणूस त्या बाहुलीमागचा हात मागतो, गळा मागतो. याला पोरकटपणा म्हणायचं तर संगीत नाटकात वन्स मोअर देणारेही पोरकटच.

बाहुलीने परत परत यावं, यात आमच्याकडे तरी कुणाला वावगं वाटणार नाही. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत जळगाव जिल्ह्यात घरोघर मुली भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोबा. रोज गाणी, झाकलेला खाऊ ओळखायचा, तो वाटून खायचा, आणि कोजागिरी झाली की विसर्जन. पुढच्या वर्षी नवी मूर्ती. ही गेल्या सालचीच का, असं एकही मुलगी विचारत नाही. तोंड रंगवणारा कुंभार बदलतो, गाणाऱ्या मुली सासरी जातात, त्यांच्या मुली गायला बसतात. अर्धवटरावांचं तरी निराळं काय आहे? यशवंत पाध्ये यांनी त्यांना बोलतं केलं, वडिलांच्या पश्चात १९६७ पासून रामदास पाध्ये यांनी, आणि आता सत्यजित पाध्येही तीच कला करतात. वय शंभरीपार, तोंडाचा तिखटपणा तसाच. अमेरिकेत जिम हेन्सन १९९० मध्ये गेले तेव्हा त्यांचा कर्मिट बेडूक थांबला नाही. आधी स्टीव्ह व्हिटमायर यांनी आणि नंतर मॅट व्होगेल यांनी तो हातात घेतला. बाहुली वारशाने जाते. म्हणून तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या भागात तात्या मागा, खुशाल मागा. कवट्या महाकाळही मागा. तो मुखवटा आहे, मागे कोणीही उभं राहू शकतं.

आता दुसरी बाजू. ही माणसं माझी आहेत, त्यामुळे भांडण इथेच जास्त आहे. आमचा एक मित्र, केळीचा रॅक भरून दिल्लीला गेला की दोन दिवस मोकळा असतो, त्याचं म्हणणं: “अरे भो, लक्ष्या नाही त झपाटलेला कसला?” आणि हे खोटं नाही. २०१३ चा दुसरा भाग त्रिमितीत होता, तात्या अंगावर येत होता, लक्ष्याच्या मुलाची गोष्ट आदिनाथ कोठारे यांनी नेली. तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. काय राहिलं ते सांगतो. तात्याची रबरी मुद्रा फारशी बदलत नाही. डोळे फिरतात, जबडा हलतो, बस. पहिल्या भागात तात्या जो भयंकर दिसतो तो बराचसा लक्ष्याच्या चेहऱ्यावर दिसतो. हातभर बाहुलीसमोर एक धट्टाकट्टा माणूस ततपप करतो, घाम पुसतो, पळता पळता मागे वळून पाहतो, आणि आपण एकाच वेळी हसतो आणि घाबरतो. बाहुलीत जीव पाध्ये-प्रभावळकरांनी घातला, पण तो जीव खरा आहे असं आपल्याला बेर्ड्यांनी पटवलं.

हेच नेमकं यंत्राला जमणार नाही. यंत्र जुन्या चित्रपटांतले लक्ष्याचे हजार चेहरे पाहील आणि त्यातून एक हजार एकावा काढेल. तो हुबेहूब असेलही. पण समोरच्या नटाने वेळ चुकवली, बाहुलीची दोरी अडकली, कॅमेरा थांबायच्या आत एखादा शब्द सुचला, अशा क्षणी बेर्डे जे करत ते त्या हजारात नाही, कारण तो क्षण अजून आलेलाच नव्हता. विनोदी नटाचं काम तेवढंच तर असतं.

आणि कथा तरी आठवा. मरता मरता एक गुंड मंत्राच्या जोरावर आपला जीव बाहुलीत टाकतो, आणि पुढे माणसाचं शरीर मिळावं म्हणून बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेल्या लक्ष्याच्या मागे लागतो. लक्ष्याचा देह तात्याच्या ताब्यात जाऊ नये, एवढ्यासाठी आपण अडीच तास खुर्चीच्या टोकावर बसलो होतो. तेच आपण आता म्हणतोय की त्या देहाची प्रतिमा घ्या, आत दुसऱ्याचे शब्द घाला आणि चालवा. तात्याला १९९३ मध्ये जे जमलं नाही ते त्याच्या चाहत्यांनी करून द्यायचं, याला काय म्हणावं?

यावर पक्कं समजलं जाणारं उत्तर एकच: घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला, मग हरकत काय? उदाहरणंही आहेत. २०२४ च्या ‘लाल सलाम’मधल्या गाण्यासाठी ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने वापरले. कुटुंबांची संमती घेतली, पैसेही दिले. ‘रोग वन’मध्ये २०१६ साली पीटर कुशिंग दिसले, ते १९९४ मध्ये गेलेले. रहमान यांनी रीत पाळली हे मान्य. संमतीने कायद्याचा आणि पैशाचा प्रश्न मिटतो. पण जिवंत नटाकडे आणखी एक गोष्ट असते, ‘हे मी करणार नाही’ असं म्हणण्याची सोय, आणि ती मुलाबाळांच्या सहीने परत येत नाही.

बेर्ड्यांच्या बाबतीत हे जास्तच बोचतं. ‘झपाटलेला’च्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, त्यांनी ‘एक होता विदूषक’ केला होता. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, लेखन पु. ल. देशपांड्यांचं, गाणी आमच्या शेजारच्या पळसखेडच्या ना. धों. महानोरांची. लोकांना हसवणारा एक कलावंत आणि त्या हसवण्याखालचं त्याचं आयुष्य, असा विषय. बेर्ड्यांनी जीव ओतला. प्रेक्षकांनी पाठ फिरवली. त्यांना लक्ष्याच हवा होता. हयात असताना या माणसाला आपण विदूषकाच्या कपड्यांतून बाहेर पडू दिलं नाही. आता वीस वर्षांनी तेच कपडे पुन्हा चढवायचे, आणि या वेळी तो कुरकुरही करू शकणार नाही.

काहीजण मधला मार्ग सुचवतात: लक्ष्याच्या मुलाला, अभिनय बेर्डेला घ्या. त्याला भूमिका आवडली तर त्याने ती आपल्या पद्धतीने करावी, नाही आवडली तर करू नये. बापासारखं दिसण्याची सक्ती त्याच्यावर लादणं हाही बाहुली करण्याचाच प्रकार. बाबा चमत्कार साकारणारे राघवेंद्र कडकोळही आता नाहीत. तिथे दुसरा चांगला नट उभा करावा, त्यात कुणाचा अपमान नाही.

‘टॉय स्टोरी’वाल्यांकडे या पेचाची दोन उत्तरं सापडतात. स्लिंकी कुत्र्याला आवाज देणारे जिम वार्नी २००० मध्ये गेले, तेव्हा तिसऱ्या भागात ती जागा ब्लेक क्लार्क यांनी घेतली. मिस्टर पोटॅटो हेडचे डॉन रिकल्स २०१७ मध्ये गेले, चौथ्या भागाचं ध्वनिमुद्रण करण्याआधीच. तिथे घरच्यांच्या संमतीने त्यांनी अनेक वर्षं निरनिराळ्या कामांसाठी मुद्रित केलेले संवाद धुंडाळून, त्यातलेच शब्द वापरले. त्या तोंडून जे कधी निघालंच नाही ते त्यात घातलं नाही. माझ्या मते रेषा इथे आहे. १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला लक्ष्या, जसाच्या तसा, पूर्वकथेत पाच मिनिटं दाखवा, टाळ्यांनी थिएटर फुटेल. पण न केलेला अभिनय त्याच्या नावावर खपवू नका.

मग माझी यादी. तात्या हवा, पण संगणकावर काढलेला नको. हाताने हलणारा हवा, आणि सांध्यांची कुरकुर ऐकू आली तर फारच उत्तम. आवाज प्रभावळकरांना द्यायचा असेल तोवर त्यांचा, नंतर त्यांनी पसंत केलेल्या जिवंत माणसाचा. त्याला टक्कर द्यायला अर्धवटराव, कारण तात्याला शिव्या देता येतात पण टोमणा मारता येत नाही. आणि एक मागणी आजवर कुणाच्याच यादीत पाहिली नाही: पिंगुळीची कळसूत्री बाहुली. सिंधुदुर्गातल्या ठाकर कलावंतांनी ती कला सांभाळली, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अमेरिकी वळणाच्या तात्यासमोर दोरीवरचा एखादा अस्सल कोकणी राक्षस आणला तर भांडण बरोबरीचं होईल, आणि तो मालवणीत बोलला तर आमच्या लेवा बोलीतल्या पोरांना निम्मं कळणार नाही, पण मजा दुप्पट येईल. शेवटचं एक, अगदी क्षुल्लक: श्रेयनामावलीत बाहुली हलवणाऱ्यांची नावं नटांच्या खालोखाल मोठ्या अक्षरांत यावीत, लोक दाराकडे निघण्याच्या आधी.