पोहणे आणि पहारा

पाण्याला जीवन म्हणतात. परंतु माणूस बेसावध राहिला, तर तेच पाणी जीव घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता.

महाराष्ट्रातील खेड्यांत मुले विहिरीतच पोहायला शिकत आली आहेत. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली ती हातपाय मारीत. शाळेत जाण्याच्या वयाच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीलाही ही विद्या मिळालीच पाहिजे.

तान्ह्या व रांगत्या मुलांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत डोकावताना तोल जातो आणि वीतभर पाणीही प्राणघातक ठरते. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. हाक मारण्याइतका श्वासच त्याला मिळत नाही. म्हणून दुरून कानोसा घेणे पुरेसे नव्हे. मोठ्यांची नजर त्याच्यावर आणि हात त्याच्याजवळ हवा.

बांगलादेशाच्या खेड्यांत अनेक घरांजवळ तळी आहेत. तेथे अनेक गावांत आया कामात असताना लहानग्यांना एकत्र सांभाळतात आणि मोठ्या मुलांना पोहणे शिकवतात. हीच खरी रीत होय. मोठ्यांना विद्या द्यावी, लहानांना पहारा द्यावा. वापरून झालेली बादली रिती करणे, हौदावर झाकण ठेवणे, विहिरीला कठडा बांधणे, हाही पहाराच आहे. पहिली दोन कामे तर घरातील शाळकरी मुलेही करू शकतात.